वेळेवर सुटणारी रिकामी बस

आईचा फोन रात्री साडेआठच्या सुमारास येतो. जेवण झालं का, मुलाची परीक्षा कधी, पाऊस आहे का तिकडे, असं नेहमीचं बोलणं. त्यात गेली काही वर्षं एक वाक्य सारखं यायचं आणि ते सारखं येतंय हे माझ्या ध्यानात यायला फार उशीर झाला. "नाही गेले गं."

बाजाराला नाही गेले, ऊन फार होतं. धाकट्या मावशीकडे नाही गेले, तिच्या घरी पाहुणे असतील. विठ्ठलमंदिरात सप्ताह होता, पण नेमका गुडघा धरला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्यात जाईन, घाई कसली आहे त्यात. कारण दर वेळी वेगळं आणि दर वेळी पटण्यासारखं. मी इकडून त्या त्या कारणावर उपाय सांगत राहायचे. सकाळी लवकर निघ. गुडघ्याला शेक दे. एकदा तर गुडघ्याचा पट्टा कुरिअरने पाठवला. तो कपाटाच्या वरच्या खणात, पिशवीतून न काढलेला, मला २०२५ च्या मे महिन्यात सापडला.

त्या मे महिन्यात मी पंधरा दिवस आईकडे राहिले. एरवी सणावाराला दोन दिवस जायचे, हातात सामान असायचं म्हणून एसटी स्टँडवरून रिक्षा करायचे आणि रिक्षानेच परत. या वेळी तिसऱ्या दिवशी गावात थोडं काम निघालं. चप्पल घातली आणि कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली जाऊन उभी राहिले. पायांना लहानपणापासूनची सवय. थांब्याची शेड होती, शेडवरचा पत्रा नव्हता. बाक होता, त्यावर एक माणूस झोपला होता. पंधरा-वीस मिनिटांनी समोरच्या किराणा दुकानातून हाक आली, "ताई, कशाची वाट बघताय? बस बंद होऊन तीन वर्षं झाली की."

घरी परत आले तर आई लसूण सोलत बसली होती. "बस बंद झाल्याचं तू कधी बोलली नाहीस," मी म्हटलं. तिने मान वर केली नाही. "तुला सांगून ती सुरू होणार होती का?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. महाराष्ट्रात अशी शहरं एक-दोन नाहीत. नाव लिहिलं की बाकीच्या शहरांतल्या लोकांना वाटतं, हे तिकडचं आहे, आपल्याकडचं नाही.

आमची वसाहत म्हणजे सिटी बसचा शेवटचा थांबा. मंडईपासून सहा किलोमीटर. बस कडुनिंबाला वळसा घालून उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर उतरून दुकानात चहा घ्यायचे आणि कंडक्टरने दोनदा घंटी ओढली की निघायची. पहिली बस पावणेसहाला. तिला गजरे विकणाऱ्या बायका, दवाखान्यातल्या आया, पहिल्या पाळीचे कामगार. शेवटची बस मंडईतून रात्री नऊ चाळीसला सुटायची. वडील छापखान्यात होते. दुसरी पाळी असली की ते त्या बसने यायचे. तिच्यात चार माणसं असायची, कधी दोन, कधी वडील एकटेच. आमच्या वसाहतीच्या अलीकडे चढ आहे. त्या चढावर बसचा गिअर बदलायचा, इंजिनाचा आवाज एकदम जाड व्हायचा आणि तो आवाज आला की आई तवा चुलीवर ठेवायची. बस वळून थांबेपर्यंत, वडील पायऱ्या चढून येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. कित्येक वर्षं आमच्या घरात गरम भाकरीची वेळ त्या गिअरवर ठरली.

ती बस एका दिवसात बंद पडली नाही. मी कॉलेजात असताना नव्या बस घेणं थांबलं. मग जुन्यांपैकी नादुरुस्त झालेल्या डेपोच्या मागच्या अंगाला उभ्या राहू लागल्या आणि त्यांचे भाग काढून चालत्या बसना बसवले जाऊ लागले. वीस मिनिटांची बस चाळीस मिनिटांनी, मग तासाने. तासाची बस चुकली की नोकरीवर खाडा, म्हणून ज्यांना जमलं त्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली. गर्दी घटली. गर्दी घटली म्हणून आणखी फेऱ्या कमी. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी पेपरात एकच मथळा यायचा, परिवहनचा तोटा अमुक इतक्यावर. ड्रायव्हर-कंडक्टरांचे पगार थकले. शेवटी ज्या दिवशी बंद झाली, त्या दिवशी बातमी आतल्या पानावर होती म्हणे. तोवर कुणाला फारसं काही वाटण्याइतकी ती उरलीच नव्हती.

तिच्या जागी वडाप आलं, म्हणजे खासगी शेअर गाड्या. आमच्याकडे सहा आसनी रिक्षाला डमडम म्हणतात. ती मंडईच्या कोपऱ्यावर उभी असते, "चला वसाहत, वसाहत" अशी हाळी चालू असते. त्या दुपारी मी तिच्यात बसले. ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं आणि विचारलं, "तुम्ही मास्तरीणबाईंची थोरली ना?" ते आमच्याच बसचे कंडक्टर निघाले. खाकी शर्ट अजून तोच होता, खांद्यावरचा बिल्ला फक्त काढलेला. आम्ही मुलं त्यांना कंडक्टरमामा म्हणायचो. शाळेच्या पासावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका काढून ते पास परत द्यायचे, तो ठिपका आम्हाला फार मोठा मान वाटायचा.

आम्ही तिघं बसलो होतो. गाडी हलत नव्हती. ऊन मी म्हणत होतं. एक बाई तान्ह्या बाळाला पदराने वारा घालत होती. तिने दोनदा विचारलं, "निघू या का, दादा?" मामा खाली उतरून उभे होते, तिच्याकडे बघत नव्हते. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "ताई, बस रिकामी असली तरी टायमाला काढायला लागायची. कंट्रोलर घड्याळ बघत उभा असायचा. आता ही भरल्याबिगर मी हलवत नाही. हलवली तर घरी काय नेऊ? पतपेढीचा हप्ता आहे."

पस्तीस मिनिटांनी निघालो, तेव्हा आत आठ जण होतो.

त्यांचा राग मला आला नाही, आजही येत नाही. सात महिने पगार न मिळालेल्या माणसाने कर्ज काढून गाडी घेतली आहे. रिकामी गाडी पळवायची कुणी आणि का? पण ते जे बोलले ते मी गेले कित्येक महिने मनात घोळवते आहे. बस वेळेवर सुटते. वडाप भरल्यावर सुटतं. साध्या दोन गोष्टी, पण सगळा फरक त्यांच्यातच आहे. सकाळी दहाला वडाप पाच मिनिटांत भरतं, तेव्हा बस नसल्याचं दुःख कुणाला होत नाही. दुपारी दोनला ते तासभर भरत नाही. रात्री नऊ चाळीसला कोपऱ्यावर कुणी उभंच नसतं. म्हणजे ज्या वेळी माणसं थोडी, त्या वेळी जाण्याची सोयच नाही. आणि अंदाजपत्रकात ज्याला तोटा म्हणत होते, तो हाच होता: नऊ चाळीसच्या बसमधले दोन प्रवासी. त्यातले एक माझे वडील.

शेजारच्या घरातली मुलगी दहावीला गणितात एक्याण्णव मार्क घेऊन पास झाली होती. पेढे आईकडे आले होते. मी भेटले तेव्हा ती वसाहतीजवळच्या कॉलेजात कला शाखेला होती. विज्ञान शाखा मंडईपलीकडच्या कॉलेजात, प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळचे सहा-साडेसहा. मी विचारलं, "सायन्स का नाही घेतलंस?" ती म्हणाली, "मला गणित जमत नव्हतं, मावशी."

आईचा गुडघा आणि या मुलीचं गणित एकाच जातीचं आहे. जायला साधन नाही असं कुणी म्हणत नाही. त्यात कमीपणा वाटतो, किंवा ते इतकं रोजचं झालेलं असतं की कारण म्हणून सुचतही नाही. माणूस दोष स्वतःकडे घेतो. ऊन सोसवत नाही, पाय दुखतात, मुलीला अभ्यास झेपत नाही, सुनेला नोकरीची आवड नाही. झालेल्या प्रवासाचं तिकीट फाटतं, त्याची नोंद असते, बेरीज होते, त्यावरून नफा-तोटा निघतो. न झालेला प्रवास कुठल्या वहीत लिहायचा? बस बंद केल्याने वर्षाला किती कोटी वाचले हे महापालिका सांगू शकते. वसाहतीतल्या किती जणांनी काय काय सोडून दिलं, हे कोण सांगणार?

आईला मी त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू पिकून कडक झाला होता. "आजी, दोन वर्षांपूर्वी का नाही आलात?" डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "येणारच होते." रिक्षाचे जायचे ऐंशी, यायचे ऐंशी. तपासणीसाठी एकदा, रक्त-साखरेसाठी एकदा, ऑपरेशनला, मग पट्टी काढायला, मग चष्म्याच्या नंबराला. हिशेब तिच्या डायरीत होता, मी नंतर पाहिला. पैसे तिच्याकडे नव्हते असंही नाही, पेन्शन आहे. पण जन्मभर चार-पाच रुपयांत दवाखाना गाठलेल्या बाईला एकशे साठ रुपये रिक्षाला देणं उधळपट्टी वाटते, आणि मुलीकडे मागणं तर त्याहून अवघड.

यातली एक गोष्ट मला फार टोचते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना एसटीत अर्धं तिकीट. या दोन निर्णयांनी महाराष्ट्रातल्या बायका किती घराबाहेर पडल्या ते कुठल्याही स्टँडवर उभं राहिलं की दिसतं. आईचं कार्डही काढलेलं आहे. ती एक पैसा न देता पंढरपूरला जाऊ शकते, कोल्हापूरला जाऊ शकते, माझ्याकडे मुंबईला येऊ शकते. फक्त घरापासून एसटी स्टँडपर्यंत जायला तिला ऐंशी रुपये लागतात.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मुंबईला परतले, तेव्हा बेस्टची, म्हणजे मुंबईच्या सिटी बसची, भाडेवाढ होऊन महिनाही झाला नव्हता. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, वातानुकूलित बसचं सहाचं बारा. मी विक्रोळीला राहते, ऑफिस बीकेसीत. दुप्पट तिकिटाचा माझ्या घरखर्चावर काही परिणाम होत नाही. पण आमच्या इमारतीत तीन घरची कामं करणाऱ्या मावशी त्या जूनमध्ये सकाळी पायी येताना दिसायला लागल्या. विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." मी पुढे काही विचारलं नाही. ते वाक्य कुठून येतं, हे मला आता कळत होतं.

मुंबईत जे चाललंय ते मी आधी एकदा पाहिलंय, असं तेव्हापासून वाटत राहतं. फक्त इथे सगळं मोठ्या आकाराचं आहे आणि त्याला वेळ लागतो आहे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईतली पहिली बस धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, कंपनीच्या हातातून ही सेवा महापालिकेकडे आली. खासगी कंपनीकडून घेऊन ती शहराची केली, हे त्या काळातल्या लोकांनी समजून उमजून केलेलं काम आहे. बस चालवणं आणि शहर भागात वीज पुरवणं ही दोन्ही कामं एकाच घरात होती. विजेत पैसे सुटायचे, बसमध्ये कमी पडायचे. एका खिशातून दुसऱ्या खिशात. कुलाब्यातल्या बंगल्याच्या बिलातला काही भाग गोवंडीच्या बसच्या डिझेलला लागायचा आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. २००३ च्या वीज कायद्यानंतर दर ठरवणं नियामक आयोगाच्या चौकटीत गेलं, बसची तूट विजेच्या बिलातून भरण्यावर आक्षेप आले आणि ती वाट हळूहळू बंद झाली. वाट बंद करणाऱ्यांचा युक्तिवाद कागदावर चुकीचाही नव्हता. विजेच्या ग्राहकाने बसचे पैसे का द्यावेत? ठीक. मग कुणी द्यावेत, हे मात्र कुणी ठरवलं नाही.

पंधरा वर्षांपूर्वी बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास बस होत्या. आता भाड्याच्या धरूनही तीन हजार भरत नाहीत, आणि स्वतःच्या मालकीच्या तर काहीशेच उरल्या आहेत. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांचा नऊ दिवसांचा संप झाला. त्याच वर्षी कामगार संघटनेशी करार झाला, त्यात स्वमालकीच्या ३,३३७ बस राखण्याचं ठरलं होतं. तो आकडा आता कुणी उच्चारत नाही. त्याच २०१९ मधली आणखी एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. ९ जुलैला किमान तिकीट आठाचं पाच केलं गेलं. रोजचे प्रवासी वीस लाखांच्या आसपास आले होते, ते काही महिन्यांत तीस लाखांच्या पुढे गेले. ही दहा लाख माणसं कुठून आली? त्यातली बरीच चालत होती. काही शेअर रिक्षात कोंबून बसत होती. आणि काही, मला खात्री आहे, गुडघा दुखतो म्हणून घरी बसली होती.

महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचं. त्यात बेस्टला एक हजार कोटी. शंभर रुपयांत एक रुपया चौतीस पैसे. सागरी किनारा रस्त्याला चौदा हजार कोटींच्या घरात खर्च आला, तो वापरायला पथकर नाही, आणि त्यावर दुचाकी-तीनचाकीला बंदी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही वेशींवर मोटारींचा टोल माफ झाला. त्यानंतर सात महिन्यांनी बसचं तिकीट दुप्पट झालं. हे दोन निर्णय एकाच बैठकीत, एकाच माणसाने घेतलेले नाहीत, हे मला माहीत आहे. पण दोन्ही एकाच शहरात झाले. मोटारवाल्याला दिलेले पैसे विकास ठरतात आणि बसला दिलेले अनुदान, ज्याच्या मागे "किती दिवस देणार?" हा प्रश्न लागलेलाच असतो. अग्निशमनचा बंब दिवसभर उभा राहिला तर तो तोट्यात आहे असं आपण म्हणत नाही. बागेतून किती वसुली झाली असं विचारत नाही. बसलाच का विचारतो, याचं मला सापडलेलं उत्तर कडू आहे: ठरवणारे बसने जात नाहीत.

मग खासगी मार्ग येतात. भाडेतत्त्वावर, ज्याला सगळे वेट लीज म्हणतात. बस कंत्राटदाराची, ड्रायव्हर कंत्राटदाराचा, देखभाल त्याची, बेस्टने किलोमीटरमागे पैसे द्यायचे. रंग तोच लाल आणि नावही तेच, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. फरक ड्रायव्हरच्या पगारपत्रकात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये या ड्रायव्हरांनी पगारासाठी काम बंद केलं, तेव्हा शहराला प्रथमच कळलं की आपल्या बस आपल्या नाहीत. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्यात ३३२ क्रमांकाची बस गर्दीत घुसली. सात जणांचे जीव गेले, पुढे आकडा वाढला. ड्रायव्हरला त्या लांब, आपोआप गिअर बदलणाऱ्या विजेच्या बसचं पुरेसं शिक्षण मिळालं होतं का, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेचा तो रस्ता मला पाठ आहे. संध्याकाळी तिथे पाऊल टाकायला जागा नसते. त्या रस्त्यावरून बारा मीटरची बस काढणं हे वर्षानुवर्षं हाताला बसलेलं कसब आहे. आमच्या गावचे ड्रायव्हर चढावर ज्या जागी गिअर बदलायचे, ती जागा इंचभर इकडे-तिकडे होत नसे. पैसे वाचवायला निघालो की पहिल्यांदा असं कसब निघून जातं, आणि ते गेलेलं कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

खासगी सोय वाईटच, असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः जवळपास वर्षभर ऑफिसला ॲपच्या बसने गेले. खुर्ची राखीव, आत गारवा, मोबाइल चार्ज करायची सोय. बसमध्ये सगळे गळ्यात ओळखपत्र घातलेले. ट्रॅफिकमध्येही झोप लागायची. त्या वर्षात मी एकदाही त्या बसमध्ये पिशवी घेतलेली म्हातारी पाहिली नाही, शाळेचं मूल पाहिलं नाही, दुपारी दोनची फेरी पाहिली नाही. ती बस सकाळी यायची आणि संध्याकाळी. आणि मग एका रविवारी मेसेज आला की या मार्गावरची सेवा उद्यापासून उपलब्ध नसेल, आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. कंपनीला परवडत नव्हतं. सहा-सात जणांच्या आमच्या ग्रुपवर दोन दिवस हळहळ झाली, मग प्रत्येकाने आपापली सोय केली. त्यांना परवडेना तर त्यांनी बंद करावी, तो त्यांचा हक्कच आहे. ती धावतच राहील असं वचन त्यांनी आम्हाला दिलंच नव्हतं. शहराने मात्र दिलेलं असतं, किंवा निदान १९४७ साली दिलं होतं.

आणि ते पाळलेलंही पाहिलंय. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या. अडीच-तीन महिने मुंबईच्या रस्त्यांवर लाल बसखेरीज फारसं काही हलत नव्हतं. आमच्या मजल्यावरची नर्स रोज पहाटे त्या बसने सायनला जायची. बसमध्ये सहा-सात माणसं. एवढ्या माणसांसाठी दुसरं कुणी गाडी काढली नसती. कितीतरी ड्रायव्हर-कंडक्टर त्या काळात आजारी पडले, काही परत आले नाहीत. त्या फेऱ्यांचा हिशेब काढला असता तर तोटाच निघाला असता.

१५ सप्टेंबर २०२३ ला जुनी डबलडेकर शेवटची धावली, ४१५ नंबर, अंधेरी ते सीप्झ. फुलं, फुगे, सेल्फी. लोक रडले. मला त्या रडण्याचं नवल वाटत नाही, मीही रडले असते. पण बस गेल्यावर निरोप द्यायला जेवढी माणसं आली, त्यांच्यातली दहावा हिस्सा जरी वॉर्ड ऑफिसात गेली असती आणि आमच्या रस्त्यावर दुपारी बस हवी म्हणाली असती तर? असं मनात येतं. आमच्या गावी तर निरोपालाही कुणी नव्हतं.

मेट्रोचं मला कौतुक आहे. स्वच्छ आहे, वेळेवर आहे, बायकांना रात्री सुरक्षित वाटतं. पण मेट्रोपर्यंत जायचं कसं, आणि उतरल्यावर पुढे कसं, हा प्रश्न राहतोच. स्टेशनच्या पायऱ्यांशी शेअर रिक्षाची रांग असते आणि ती रिक्षाही भरल्यावर सुटते.

दिवाळीनंतर आई माझ्याकडे आली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. एसटीने आली, फुकट, आणि त्याचा तिला फार आनंद होता. पहिले दोन दिवस घरात बसली. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात असताना दुपारी घरी फोन केला, उचलला नाही. मोबाइल तिने घरीच ठेवला होता. शेजारणीला बघायला सांगितलं तर दाराला कुलूप. तासाभराने मी तशीच निघाले. रिक्षा मिळेपर्यंत, रिक्षा ट्रॅफिकमधून सुटेपर्यंत काय काय मनात येऊन गेलं. मुंबईत नवखी, शहात्तर वर्षांची, एका डोळ्याने दिसतं.

इमारतीच्या फाटकाशी उतरले, तर ती समोरून येत होती. एका हातात दुधी आणि मेथीची जुडी डोकावणारी पिशवी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली. घाटकोपरच्या बाजारात जाऊन आली होती.

"एकटी कशी गेलीस? कुणाला विचारलंस? मला फोन तरी करायचास."

"विचारायचं काय त्यात? खाली थांबा आहे. उभी राहिले, आली." तिने मूठ उघडली. घामाने मऊ झालेलं बारा रुपयांचं तिकीट. "खिडक्या उघडत नाहीत गं तुमच्या बसच्या, वारा लागत नाही. पण पोरगा चांगला होता, कंडक्टर. मी चढेपर्यंत थांबला. सगळी बस रिकामी, मी आणि एक पोरगी शाळेची. मी त्याला विचारून ठेवलंय."

"काय?"

"शेवटची किती वाजता असते ते."